उलटा तंबोरा

घरातल्या फिशटँकचा आवाज बहुतेक वेळा टाकीखालच्या कपाटातून येतो. वर काचेत मासे हिंडत असतात, पाणवनस्पती डुलत असतात, सगळं निवांत दिसतं. ते पाणी जिवंत ठेवणारी यंत्रं मात्र खाली, सनमायका लावलेल्या दोन दारांमागे असतात. हवेचा पंप, पाणी वर चढवणारा पंप, वरचं पाणी खाली आणणारा पाइप आणि ते गाळून घेणारी दुसरी काचेची टाकी, जिला या छंदातली माणसं ‘संप’ म्हणतात. पाहुणे येतात आणि वरचं कौतुक करून जातात. घरातल्यांना खालच्याबरोबर राहायचं असतं, रात्रंदिवस, कारण ही यंत्रं बंद ठेवता येत नाहीत.

डोंबिवलीतल्या आमच्या घरी टाकी हॉलमध्ये आहे. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर साधारण १६० लिटर पाणी. त्यात कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारातून आणलेले गोल्डफिश आहेत. त्याच हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्यात आईचा तंबोरा असतो, मिरजेहून आणलेला, एरवी गवसणीत. सकाळी चहा झाला की गवसणी उतरते, आई चटईवर बसते आणि तारा जुळवायला घेते. तिचा सा पेटीवरच्या काळी चारचा. लग्नाआधीपासून तोच.

टाकीत काहीतरी खटकतंय हे आधी आईलाच कळलं. जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन तारा जुळवता जुळवता ती थांबली आणि म्हणाली, “अगं, तुझ्या टाकीचा सा उतरलेला आहे.”

ती शब्दशः खरं बोलत होती. हवेच्या पंपाची रचना साधी असते. आत तारेचं वेटोळं, त्याच्यासमोर एका लवचीक पट्टीच्या टोकाला बसवलेला चुंबक, आणि त्या पट्टीने दाबला जाणारा रबराचा पडदा. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं पुरी करते, म्हणून चुंबकही सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होतो आणि पडदा तितक्या वेळा हवा ढकलतो. या ५० हर्ट्झच्या कंपनाबरोबर १००, १५०, २०० अशी पटीतली कंपनंही उठतात. ५० हर्ट्झचा स्वर माणसाच्या कानाला फार क्षीण लागतो. आपण जिला पंपाची गुणगुण म्हणतो ती मुख्यतः १०० आणि त्याच्या वरच्या पटींची असते. आता हा १०० पेटीवर शोधला तर तो कुठल्याच पट्टीवर बसत नाही. खर्जातली पांढरी पाच ९८ हर्ट्झची आणि तिच्या शेजारची काळी चार जवळपास १०४ ची. पंप या दोघींच्या मधल्या फटीत गातो.

आईच्या तंबोऱ्याची खर्जाची तार १०४ वर, जोडाच्या तारा २०८ वर. जवळजवळचे दोन स्वर एकत्र वाजले की आवाजात हेलकावे उठतात, आणि सेकंदाला किती हेलकावे, ते त्या दोन स्वरांमधल्या अंतरावर ठरतं. म्हणजे खर्जाशी सेकंदाला चार, जोडाशी आठ. गाणाऱ्या माणसाचा कान नेमका याच हेलकाव्यासाठी तयार झालेला असतो. जोडाच्या दोन तारा एकमेकींशी मिळवताना गाणारा तारेवरचा मणी सरकवत राहतो, हेलकावा मंदावत जातो आणि शेवटी विरतो, तेव्हा तारा लागल्या असं म्हणायचं. इथे तारा आपसात लागल्या तरी हेलकावा खोलीत उरतच होता, कारण तिसरी तार कपाटात होती.

रियाजापुरता पंप बंद ठेवू, असं मी सुचवलं. आई म्हणाली, “त्यांचा श्वास थांबवून मला सा लावायचा नाही.” अर्धा तास पंप थांबला म्हणून गोल्डफिश मरत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण वीस अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळलेला राहू शकतो, तर तीस अंशांच्या पाण्यात तोच साडेसात मिलिग्रॅमवर येतो. आमच्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी तीस अंशांच्या वरच असतं. अशा दिवसांत बंद केलेला पंप पुन्हा सुरू करायचा राहून गेला तर काय होईल, ही भीती खरी होती. आईने मात्र हा हिशेब केलेला नव्हता. आपल्या स्वरासाठी दुसऱ्याच्या हवेला हात लावायचा नाही एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि हिशेबापेक्षा ते मला जास्त पटलं.

मग एका सकाळी तिने तंबोराच उतरवला. पंपाच्या २०० शी जोडाच्या तारा मिळवल्या. काही क्षण सगळं एक झालं, अगदी भरून आल्यासारखं. आणि मग हळूच, दोन-तीन सेकंदांनी एकदा, हेलकावा परत आला. तिने मणी सरकवला. थोड्या वेळाने पुन्हा आला. याचं कारण आमच्या घरात नव्हतंच. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेकडचं वीजजाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याला जोडलं गेलं, तेव्हापासून हे सगळं जाळं एकाच वारंवारतेवर चालतं. ही वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये ठेवायची असा दंडक आहे. विजेची मागणी वाढली की ती किंचित उतरते, कमी झाली की चढते. म्हणजे पंपाचा २०० चा स्वर १९९.६ पासून २००.२ पर्यंत हिंडू शकतो. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत या जाळ्यावर चालणारे असे सगळे पंप त्या क्षणी एकाच सुरात असतात आणि एकत्रच सरकतात, ही गोष्ट मला फार मोठी वाटली. आईलाही वाटली. पण तिने तारा परत काळी चारवर चढवल्या.

म्हणजे आवाजच कमी करायला हवा होता. यावर सल्ले भरपूर मिळतात. दुकानदार सांगतो, कपाटात आतून फोम लावा. कुणी अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवायला सांगतं. कुणी दाराला सगळीकडून रबर लावून कपाट घट्ट बंद करायला सांगतं. या सगळ्यांत एक गृहीत धरलेलं असतं: आवाज कपाटात आहे, तो बाहेर येऊ द्यायचा नाही. हे गृहीत तपासून पाहावं असं मला वाटत होतं, कारण दार उघडलं तरी आवाज फारसा वाढत नव्हता.

उत्तर सुतारकाकांच्या तळहातात होतं. ते आले, त्यांनी दार उघडलंही नाही. कपाटाच्या बाजूवर हात ठेवला, मग वर, मग टाकी थोडी तिरकी ठेवलेली असल्याने मागे हात घालून पाठीच्या प्लायवर. तिथे थांबले. “ताई, इथे हात लावून बघा. मागची फळी सहा एमएमची आहे. तीच मारतेय.” मी हात लावला. सगळी फळी हातात थरथरत होती. आत पंप एका हुकाला अडकवलेला होता आणि तो हुक त्याच फळीत बसवलेला होता. काकांनी पंप नुसता हातात उचलून धरला. खोलीतली गुणगुण जवळजवळ गेली. पंप चालूच होता.

आई तिथेच उभी होती. ती म्हणाली, “अरे, हा तर तंबोरा आहे.”

तंबोऱ्याची तार नुसती दोन खिळ्यांमध्ये ताणून छेडली तर जेमतेम ऐकू येते. ती इतकी बारीक असते की हवेला कापत जाते, ढकलू शकत नाही. तिचं कंपन घोडीतून तबलीत उतरतं. तबली रुंद आणि पातळ, ती हवा ढकलते, आणि खालचा भोपळा त्या आवाजाला पोकळी देतो. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच साधत आले आहेत: तारेतला जीव वाया न जाता लाकडात कसा उतरेल, लाकडातून हवेत कसा जाईल. पंढरपूरकडच्या भागातले भोपळे निवडून, वाळवून, तबली हव्या त्या जाडीपर्यंत घासून, घोडीचा माथा कानसून, तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आईने ती बातमी वर्तमानपत्रातून कापून ठेवली होती. आता आमच्या हॉलमध्ये तारेच्या जागी पंप होता, घोडीच्या जागी हुक, तबलीच्या जागी सहा मिलिमीटरची फळी, आणि भोपळ्याच्या जागी अख्खं कपाट. कुणाच्या मनात नसताना एक चांगलं वाद्य तयार झालं होतं.

तेव्हा आपल्याला काय करायचं आहे ते स्वच्छ दिसलं. मिरजेत जे जे करतात ते एकेक करून उलट करायचं. घोडी काढायची, म्हणजे पंपाचा लाकडाशी संबंध तोडायचा. तबली जड आणि बधिर करायची. पोकळीचा घुमारा मोडायचा. आणि हे याच क्रमाने, कारण पहिलं साधलं तर पुढच्या दोहोंचं काम फार उरत नाही. फोमचा सल्ला या क्रमाच्या अगदी शेवटचा आहे. १०० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळपास साडेतीन मीटर. फोमने ती नीट शोषायची तर त्याची जाडी लहरीच्या पावपटीजवळ, म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी सेंटिमीटर हवी. आमचं कपाटच तेवढं खोल नाही. दोन इंची फोम वरच्या पट्टीतली खसखस खातो, खालचा स्वर त्यातून सरळ निघून जातो. अंड्यांचे ट्रे तर हलके आणि सच्छिद्र. भिंत आवाज अडवते ती तिच्या वजनामुळे. वजन दुप्पट केलं की साधारण सहा डेसिबलची भर पडते.

खोलीचंही एक अंग आहे, त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. आमचा हॉल अकरा फूट रुंद. त्या रुंदीत ५० हर्ट्झची अर्धी लहर जवळजवळ चपखल बसते आणि १०० ची एक पूर्ण. अशी लहर बसली की खोलीत आवाजाच्या ठरलेल्या जागा तयार होतात. दोन्ही भिंतींशी तो सर्वांत मोठा, १०० चा स्वर खोलीच्या मधोमधही मोठा, आणि भिंतीपासून पाव रुंदीवर सर्वांत कमी. आईची चटई भिंतीला टेकून होती, रात्री झोपायचा दिवाणही. चटई भिंतीपासून पावणेतीन फूट पुढे ओढली तर गुणगुण एकदम निम्म्यावर आल्यासारखी वाटे. मोबाइलवरचं ध्वनिमापक ॲप या वेळी काही कामाचं ठरलं नाही. ही मापनं माणसाच्या कानाच्या सरासरीला धरून केलेली असतात आणि १०० हर्ट्झला एकोणीस डेसिबलची सूट देतात. रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा, ती ओलांडण्याचा तर प्रश्नच नव्हता. आकडा शांतता दाखवत होता आणि तंबोरा लागत नव्हता.

याच सुमारास मी माशांच्या कानांबद्दल वाचायला घेतलं, आणि हा सगळा प्रश्न माझ्यासाठी बदलला.

गोल्डफिशला बाहेर कान नसतात, पण आतला कान असतो आणि तो तिखट असतो. त्याच्या पोटात हवेने भरलेली एक पिशवी असते. पाण्यात तरंगण्यासाठी ती लागते, पण तिचं दुसरंही काम आहे. माशाचं शरीर जवळजवळ पाण्याच्याच घनतेचं असल्याने ध्वनिलहर त्यातून जवळजवळ तशीच पुढे जाते. हवेची पिशवी मात्र त्या लहरीने दबते आणि फुगते. गोल्डफिशमध्ये या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत चिमुकल्या हाडांची साखळी असते. एर्न्स्ट हाइनरिख वेबर यांनी १८२० मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती हाडं त्यांच्या नावाने ओळखली जातात. आपल्या तळ्या-नद्यांतल्या रोहू, कटला, मृगळ यांनाही ती असतात, मागूरलाही. पापलेट-सुरमईला नसतात. अशी हाडं असणारे मासे इतर बऱ्याच माशांपेक्षा कितीतरी बारीक आणि उंच पट्टीतला आवाज ऐकतात. पुढे मधमाश्यांच्या अभ्यासासाठी नोबेल मिळालेले कार्ल फॉन फ्रिश यांनी १९२३ मध्ये एका आंधळ्या मार्जारमाशाबद्दल लिहिलं, जो शीळ वाजवली की खाण्यासाठी बिळाबाहेर येत असे. मासे ऐकतात का, हा वाद तोवर चालूच होता.

म्हणजे एक पोकळी कपाटाची होती, एक तंबोऱ्याची, आणि एक प्रत्येक माशाच्या पोटात. आईच्या भोपळ्यातून स्वर बाहेर जातो, माशाच्या भोपळ्यातून तो आत येतो. आणि पंप दोघांनाही पोहोचत होता.

हवेतला आवाज पाण्यात शिरताना जवळजवळ सगळाच्या सगळा परत फिरतो. हजारातला एक भाग जेमतेम आत जातो. म्हणून आईचं गाणं माशांना ऐकू येत असेल असं वाटत नाही, याचं मला थोडं वाईटही वाटलं. पण फळीतून चौकटीत, चौकटीतून टाकीच्या तळाच्या काचेत आणि काचेतून पाण्यात जाणारं कंपन या अडथळ्यापाशी येतच नाही. ते घन वाटेने जातं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोठ्या आवाजात ठेवलेल्या गोल्डफिशची श्रवणशक्ती दहा मिनिटांतही मंदावल्याचं दिसलं. आवाज बंद केल्यावर ती काही दिवसांत परतली. त्या प्रयोगातला आवाज घरगुती टाकीपेक्षा बराच मोठा होता, आमचे मासे बहिरे होतील असं मला म्हणायचं नाही. मला खटकलं ते दुसरंच. दाराला रबर लावून, जड फळ्या ठोकून आम्ही कपाट घट्ट बंद केलं असतं, तर आमच्या कानांपुरती शांतता झाली असती आणि पाण्यातला आवाज होता तसाच राहिला असता. आई उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकते. मी चटई सरकवू शकते. मासा तीन फुटांच्या पलीकडे कुठे जाणार? आवाज कोंडायचा म्हणजे तो आपल्या बाजूने नाहीसा करायचा आणि ज्याला बोलता येत नाही त्याच्या बाजूला ठेवायचा. हे मला करायचं नव्हतं. तेव्हापासून कुठलाही उपाय करताना मी दोन ठिकाणी तपासू लागले: आधी हॉलमध्ये, मग टाकीच्या काचेला बोटांची टोकं लावून.

पंप टांगला. शिंप्याकडे मिळतं ते साधं इलॅस्टिक घेतलं आणि कपाटाच्या अठरा मिलिमीटरच्या जाड चौकटीत बसवलेल्या दोन हुकांना अडकवून त्याच्या झोळीत पंप ठेवला. पंपाच्या वजनाने इलॅस्टिक एक सेंटिमीटर ताणलं जात असेल, तर पंप त्यावर सेकंदाला पाचच्या आसपास झोके घेऊ शकतो. त्याच्या आतलं कंपन ५० चं, म्हणजे दहापट वेगाचं. इतक्या सावकाश झोळीला ते कळायच्या आत दिशा बदलतं, आणि चौकटीपर्यंत शंभरातला एक भाग जेमतेम पोहोचतो. रबराच्या पायांवर पंप नुसता ठेवला तर हे साधत नाही. पंप हलका, त्याच्या वजनाने जाड रबर दबतच नाही, आणि न दबलेलं रबर लाकडासारखंच वागतं. ज्यांना टांगायला जागा नाही त्यांनी पंप एखाद्या जड दगडाला बांधून, तो दगड जाड स्पंजावर ठेवावा. अडगळीत पडलेला जुना पाटा याला उत्तम. टांगलेल्या पंपाची हवेची नळी मऊ सिलिकॉनची आणि सैल घेतली, कारण ताठ नळी म्हणजे पुन्हा घोडीच. ती जिथे प्लायमधून जाते तिथलं भोक मोठं करून कडेने स्पंज लावला. पंप पाण्याच्या पातळीखाली असल्यामुळे नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला, नाहीतर लाईट गेली की पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं.

मागच्या फळीला काकांनी आडवी पट्टी मारली आणि तिच्यावर गाडीच्या दारात आतून लावतात ती डांबरी शीट चिकटवली. आता तिच्यावर बोटाने टकटक केली तर मडक्याचा नाद येत नाही, नुसता ठप्प आवाज येतो. पाणी चढवणाऱ्या पंपाच्या ताठ पीव्हीसी पाइपात वीतभर मऊ नळीचा तुकडा घातला.

गुणगुण गेली, आणि तिच्याखाली दडलेली गुडगुड वर आली.

ती पाण्याची होती. वरच्या टाकीतून संपमध्ये उतरणारा पाइप अर्धा भरून वाहतो, तेव्हा पाणी हवेला ओढत नेतं, मध्येच पाइप तुंबतो, मध्येच हवा गिळतो. इथे मला मार्सेल मिनार्ट या डच खगोलशास्त्रज्ञाची आठवण काढावीशी वाटते. आकाशाचा अभ्यास करणाऱ्या या माणसाने १९३३ मध्ये वाहत्या पाण्याच्या आवाजावर एक निबंध लिहिला. पाण्याचा खळखळाट पाण्याचा नसतो, त्यात अडकलेल्या बुडबुड्यांचा असतो, हे त्यांनी गणिताने दाखवलं. प्रत्येक बुडबुडा आपल्या आकाराप्रमाणे एकेक स्वर देतो. तीन मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा हजार हर्ट्झच्या आसपास वाजतो. गोल्डफिशचा कान पाचशे ते हजार हर्ट्झच्या पट्ट्यातच सर्वांत तीक्ष्ण असतो. टाकीत हवेचे बुडबुडे सोडणारा दगड आपल्याला देखणा वाटतो, पण माशांच्या कानाशी तो अहोरात्र नेमक्या त्यांच्या पट्टीत वाजत असतो.

उतरत्या पाइपाला दोनच परिस्थितींत शांतता मिळते: हवेला तिची वेगळी वाट द्यावी, नाहीतर हवा अजिबात येऊ देऊ नये. पहिला मार्ग रिचर्ड डर्सो या अमेरिकन छांदिष्टाच्या नावाने ओळखला जातो. पाइपाच्या माथ्यावर टी बसवून पाण्याचं तोंड खाली वळवायचं आणि टोपणाला एक छोटं भोक ठेवायचं, म्हणजे हवा गिळण्याऐवजी शांतपणे आत येते. दुसऱ्यात पाइप पाण्याने पूर्ण भरलेला ठेवून खाली झडपेने प्रवाह आवळतात. याहून शांत काही नाही, पण पाइप तुंबला तर हॉलमध्ये पाणी, म्हणून शेजारी रिकामा राखीव पाइप हवाच. आम्ही डर्सोची वाट धरली. भोकाचा आकार ठरवायला आईला बसवलं. एअर नळीची छोटी झडप भोकात बसवून मी ती किंचित उघडत, किंचित आवळत गेले, आणि ती डोळे मिटून “अजून, अजून, आता परत” असं सांगत राहिली. मणी सरकवावा तसंच ते चाललं होतं.

कपाट मात्र पूर्ण बंद केलं नाही. एकूण पृष्ठभागाचा शंभरावा हिस्सा जरी उघडा राहिला, तरी बाकीची भिंत कितीही जाड असली आवाज वीस डेसिबलपलीकडे अडत नाही. हे खरं आहे, आणि तरीही फट लागतेच. संपमधलं पाणी सतत वाफ सोडतं. बंद कपाटात ती प्लायमध्ये मुरते, बिजागऱ्या गंजतात, पावसाळ्यात कडा फुगतात. बॉयलिंग वॉटरप्रूफ, म्हणजे ७१० नंबरच्या प्लायलाही कापलेल्या कडेला रंग किंवा वॉर्निश हवंच. शिवाय हवेचा पंप कपाटातलीच हवा ओढून टाकीत सोडतो. कोंदट हवा असेल तर तीच माशांना. म्हणून काकांनी मागे हवेसाठी दोनदा वळणारी वाट केली, आतून फोम लावून. फोमची खरी जागा ही. हवा वळून जाते, वरच्या पट्टीतला आवाज फोममध्ये अडतो.

१८५० मध्ये लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरियाची रोपं आणि काही गोगलगायी ठेवून त्यांचा परस्परांवरचा मेळ मांडला: झाडं प्राणवायू देतात, मासे झाडांना खत पुरवतात, गोगलगायी कुजकी पानं खातात. घराघरांत वीज पोहोचण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. मला ती हल्ली वारंवार आठवते. पाण्यात प्राणवायू मिसळतो तो मुख्यतः पृष्ठभाग हलता राहिल्याने, बुडबुड्यांमुळे फार थोडा. म्हणून चढत्या पाण्याचं तोंड पृष्ठभागाकडे वळवलं, व्हॅलिस्नेरिया लावलं, आणि बुडबुड्यांचा दगड काढून त्या नळीला स्पंज फिल्टर जोडला. हवेचा पंप आता फक्त उन्हाळ्यात आणि रात्री चालतो. गोल्डफिश खोदखोद करणारे, त्यांनी निम्मी रोपं उपटली. उरलेली धरली आहेत. वॉरिंग्टनच्या भांड्यासारखी यंत्राशिवायची टाकी आमच्याकडे होणार नाही. मासे जास्त, पाणी कोमट, आणि खाणं भरपूर.

या दिवाळीनंतर आईने सा उतरवला. आवाज आता वर जात नाही म्हणाली, आणि पांढरी चारवर आली. तिचा खर्ज आता ८७ हर्ट्झचा, पंपाच्या १०० पासून इतका दूर की हेलकाव्याचा प्रश्नच उरत नाही. दोन वर्षं थांबलो असतो तर तंबोऱ्याची अडचण आपोआप सुटली असती, असं तिला मी म्हटलं. ती गवसणी घालत होती. म्हणाली, “माझी सुटली असती.” मग काचेकडे हात करून, “त्यांची?”

रबर उष्णतेने आणि दमटपणाने ढिलं पडतं, त्यामुळे मे महिन्याआधी इलॅस्टिक बदलायचं आहे. या वेळी जरा लांब घेणार आहे, म्हणजे पंप दीड सेंटिमीटर खाली उतरेल. झोळीखाली तेवढी जागा आहे की नाही, ते काकांना विचारून ठेवलंय.